गावातील वाचक गटासाठी कॅनेडियन साहित्य निवडताना

कॅनडाचे साहित्य वाचायचे ठरले की पहिल्यांदा पुरस्कारांची नावे समोर येतात. ॲलिस मन्रो यांना २०१३ मध्ये नोबेल मिळाले, तर मार्गारेट ॲटवूड यांना २००० आणि २०१९ असे दोनदा बुकर मिळाले. गावच्या वाचनालयात जिथे कापूस उत्पादक, शिक्षिका आणि महाविद्यालयात जाणारी मुले एकत्र बसतात, तिथे मात्र कोणत्या पुस्तकावर या सर्वांना आपल्या अनुभवातून बोलता येईल, हे आधी पाहावे.

माझ्या मते सुरुवात सिंक्लेअर रॉस यांच्या ‘द लॅम्प ॲट नून’ या १९३८ च्या कथेने करावी. रॉस यांचा जन्म सस्कॅचेवान प्रांतातला. १९३० च्या दशकात तिथल्या गव्हाच्या सपाट प्रदेशात वर्षानुवर्षे दुष्काळ पडला आणि वाऱ्याबरोबर जमिनीचा वरचा थर उडून गेला. कथेतील घरात धुळीमुळे भर दुपारी दिवा लावावा लागतो. पत्नीला तान्ह्या बाळासह तिथून निघून जायचे आहे आणि पती आपले वावर सोडायला तयार नाही. सतत गहूच घेऊन आणि नांगरून जमिनीत धरून ठेवणारे मूळच उरले नाही, असे ती त्याला सुनावते. ज्यांनी एकाच वावरात वर्षामागून वर्षे पऱ्हाटी घेतली आहे, त्यांना हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. शेवट कोणीही आधी सांगू नये. तो सर्वांनी एकत्र ऐकावा आणि त्यानंतर थोडा वेळ शांततेसाठी ठेवावा.

दुसऱ्या बैठकीसाठी मन्रो यांची ‘बॉइज अँड गर्ल्स’ घ्यावी. कोल्हे पाळणाऱ्या बापाला बाहेरच्या कामात मदत करणारी मुलगी हळूहळू घरकामाकडे ढकलली जाते आणि मुलींनी दार असे आपटू नये, हेही आजीकडून ऐकते. बैठकीतील स्त्रियांनी आधी बोलावे, पुरुषांनी नंतर, एवढा नियम या कथेपुरता जरूर पाळावा.

मोठी कादंबरी कधी घ्यावी, हे शेतीच्या कामांवरून ठरवावे. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत एका बैठकीत संपेल अशी कथाच बरी. रोहिंटन मिस्त्री यांची ‘अ फाइन बॅलन्स’ ही १९९५ ची जाडजूड कादंबरी मात्र वावरे रिकामी झाल्यावर, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, तीन-चार भाग पाडून वाचावी. जातीच्या अत्याचारांनी पोळलेल्या कुटुंबातील शिंपीकाम करणारे काका-पुतणे आणीबाणीच्या काळात समुद्राकाठच्या शहरात येतात, अशी ती गोष्ट आहे. मिस्त्री स्वतः १९७५ मध्येच मुंबई सोडून कॅनडाला गेले. भारतात घडणारी ही कादंबरी कॅनेडियन कशी म्हणायची, हा प्रश्न चर्चेत मुद्दाम ठेवावा, कारण त्या देशाच्या साहित्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातूनच लक्षात येते.

भाषेची अडचण खरी आहे. मराठी अनुवाद हाती लागला तर उत्तमच. नाहीतर इंग्रजी येणाऱ्या सदस्याने दोन-दोन परिच्छेद वाचून ते लगेच वऱ्हाडीत सांगावेत. कमी शिकलेल्या सदस्याला समान जागा मिळावी यासाठी हीच पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. प्रतींसाठी पैसे नसतील, तर स्टीफन लीकॉक यांचे छोट्या गावाचे हसरे चित्रण करणारे १९१२ चे ‘सनशाइन स्केचेस ऑफ अ लिटल टाउन’ निवडावे. लीकॉक १९४४ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ते इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येते.

वर्षात एक तरी पुस्तक मूळनिवासी लेखकाचे हवे. रिचर्ड वागामीज यांची ‘इंडियन हॉर्स’ ही २०१२ ची कादंबरी मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले, त्याविषयी आहे. या शाळा सरकारी पैशावर मुख्यतः चर्चसंस्था चालवत आणि तिथे मुलांची भाषा मोडून काढली जाई. आपल्या आश्रमशाळांशी त्यांची घाईने बरोबरी करू नये. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. मुलांवरील अत्याचारांची वर्णने कादंबरीत आहेत, हे निवड करतानाच सर्वांना सांगावे आणि ज्यांना त्या बैठकीला यायचे नसेल त्यांना कारण विचारू नये.