नवा सिनेमा थिएटरात की घरी? ठरवायचं कसं, पाहायचा कसा

घरी मोठा टीव्ही असताना थिएटरात कशाला जायचं, हा प्रश्न फक्त चित्रापुरता विचारला तर उत्तर बरेचदा घराच्या बाजूनं जातं. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे थिएटरच्या पडद्यावरचा पांढरा रंग जेमतेम ४८ निट (उजेड मोजायचं एकक) उजळ असतो. बऱ्यापैकी एचडीआर (उजेड-अंधारातलं जास्त अंतर दाखवणारा) टीव्ही पाच-सहाशे निटपर्यंत सहज पोचतो. अनेक प्रोजेक्टर आजही २के आहेत, म्हणजे आडवे २०४८ पिक्सेल. ४के टीव्हीवर ते ३८४० असतात.

थिएटर सरस ठरतं ते तीन गोष्टींत. पडदा नजरेचा मोठा भाग व्यापतो. कुजबुज आणि स्फोट यांच्या आवाजातलं अंतर शाबूत राहतं. आणि दोन-अडीच तास कुणी हाक मारत नाही. समोरच्या सिनेमाला या तिन्हींपैकी कशाची गरज आहे, ते पाहून ठरवावं.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: मारधाड थिएटरात, शांत सिनेमा घरी. खरं तर शांत, संथ सिनेमाचंच घरी जास्त नुकसान होतं. पाठलागाचं दृश्य छोट्या पडद्यावरही पकड सोडत नाही. चार मिनिटं न हलणारा शॉट मात्र मोबाइलच्या एका 'टिंग'नं मरतो. लांब शॉट, मोकळी जागा, कमी संवाद आणि आवाजाचं बारीक काम असलेला सिनेमा थिएटरात पाहावा. भयपट आणि विनोदी सिनेमाही तिथेच, कारण शेजारचा दचकला की आपणही दचकतो. संवादांचा मारा असलेला, अनोळखी भाषेतला किंवा उच्चार पटकन न कळणारा सिनेमा घरी सबटायटल लावून निवांत पाहिलेला बरा. थ्रीडी पाहायचाच असेल तर थिएटरला पर्याय जवळपास नाही. मोठ्या टीव्ही कंपन्यांनी २०१७ च्या सुमारास थ्रीडी टीव्ही बनवणं थांबवलं.

थांबायची तयारी असेल तर किती थांबावं लागेल? २०२० पूर्वी अमेरिकेत थिएटर ते घर हे अंतर साधारण ९० दिवसांचं असे. आता ते सिनेमागणिक बदलतं: कधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. बहुतेक वेळा सिनेमा आधी भाड्यानं मिळतो, नंतर सदस्यत्वात येतो.

थिएटरात: खुर्ची, खेळ आणि तक्रार

हात पूर्ण लांब करून पंजा पसरला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत नजरेचे साधारण २० अंश झाकते. पडदा आडवा दोन विती भरला की झाले ४० अंश. टीएचएक्स या थिएटरांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या शिफारशीत चांगल्या जागेसाठी हाच आकडा आहे. दीड वीत, म्हणजे ३० अंश, ही खालची मर्यादा धरा. त्याहून कमी भरत असेल तर तुम्ही फार मागे आहात, आणि थिएटरला येण्याचं निम्मं कारण तिथेच संपलं. उलट बाजूला, पडद्याची वरची कड पाहायला मान उचलावी लागत असेल तर फार पुढे आहात.

अडचण एवढीच की तिकीट काढताना वीत लावता येत नाही, आणि बुकिंगच्या नकाशात पडदा आणि रांगा प्रमाणात काढलेल्या नसतात. म्हणून सुरुवातीला अंदाजानं पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावरची, मधोमधची खुर्ची घ्यावी. आवाजाची जुळणीही साधारण त्याच भागात उभं राहून केलेली असते. आत गेल्यावर वीत लावून पाहावी आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवावं: अमुक थिएटर, ऑडी ३, एफ रांग, पावणेदोन विती. चार-पाच वेळा हे केलं की नेहमीच्या प्रत्येक ऑडीतली आपली रांग पाठ होते.

शेवटची रांग आणि भिंतीला लागून असलेल्या खुर्च्या टाळाव्यात. तिथे सर्वांत जवळचा सराउंड स्पीकर बाकीच्यांवर कुरघोडी करतो आणि पाऊस फक्त डाव्या कानात पडतो. थ्रीडीसाठी तर मधली खुर्ची हवीच. ध्रुवीकरणाचा चष्मा वापरणाऱ्या थिएटरांत चंदेरी पडदा असतो. तो प्रकाश सरळ समोर जास्त फेकतो, त्यामुळे कडेला बसलेल्यांना चित्र काळवंडलेलं दिसतं.

खेळ निवडताना वेळेपेक्षा ऑडीचा क्रमांक पाहा. पहिल्या आठवड्यात मोठ्या ऑडीत लागलेला सिनेमा दुसऱ्या आठवड्यात नव्यासाठी जागा सोडतो आणि लहान ऑडीत सरकतो. तिकिटाचा दर बरेचदा तोच राहतो. त्यामुळे थिएटरात जायचं ठरलं असेल तर पहिल्याच आठवड्यात, कामाच्या दिवशी, सकाळचा किंवा दुपारचा खेळ घ्यावा. अ‍ॅटमॉसचे, म्हणजे छतावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी प्रणालीचे, जादा पैसे देण्याआधी त्या ऑडीत छतावर स्पीकर आहेत का आणि तो खेळ खरोखर अ‍ॅटमॉसमध्ये आहे का, हे तपासावं. सिनेमाच्या पोस्टरवर नाव असलं तरी ते प्रत्येक ऑडीला लागू होत नाही.

प्रोजेक्शनमध्ये बिघाड झाला तर तो कुणीतरी पाहत असेल, हा समज सोडून द्या. डिजिटल प्रोजेक्शन वेळापत्रकानुसार आपोआप चालतं आणि केबिनमध्ये बहुधा माणूसच नसतो. चित्र फिकट आणि अंधारं असेल तर प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असतो, किंवा थ्रीडीची लेन्स अथवा फिल्टर टूडी खेळालाही तसाच राहिलेला असतो. अक्षरांच्या कडा धूसर असतील तर फोकस गेला आहे. संवाद ऐकू येत नाहीत पण संगीत येतं, याचा अर्थ पडद्यामागचा मधला स्पीकर बंद आहे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन सांगा, आणि नेमकं सांगा. "चित्र चांगलं दिसत नाही" म्हटलं तर कुणी हलत नाही. "मधल्या स्पीकरमधून आवाज नाही" म्हटलं की ज्याला कळतं त्याला बोलावलं जातं. दिवा जुना असेल तर मात्र त्या दिवशी काहीच होत नाही. दुसरा खेळ किंवा पैसे मागावेत.

घरी: आधी अंतर, मग चित्र

घरातही तीच वीत चालते. टीव्हीच्या कर्णाला १.२ नं गुणा. जे अंतर येईल तिथून टीव्ही ४० अंश भरतो. ५५ इंचासाठी ते १.७ मीटर आहे, ६५ इंचासाठी २ मीटर. कर्णाच्या १.६ पट अंतरावर ३० अंश होतात. ५५ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहिला तर तो एका वितेपेक्षा थोडाच जास्त भरतो. शिवाय सिनेमा २.३९ प्रमाणातला, म्हणजे रुंद असेल तर वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याच्या उंचीचा चौथा भाग रिकामा राहतो. मोठा टीव्ही घेण्याआधी सोफा पुढे ओढून पाहा, तो फुकटात सरकतो.

आता पिक्चर मोड. 'व्हिव्हिड' आणि 'स्टँडर्ड' हे दुकानातल्या झगझगाटासाठी आहेत. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा. तो २०१९ मध्ये जाहीर झाला, त्यामुळे त्याआधीच्या टीव्हीवर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' शोधा. चित्र सुरुवातीला पिवळट वाटेल, कारण तोवर डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. एक सिनेमा संपेपर्यंत ती जाते. नंतर मोशन स्मूदिंग बंद करा. सॅमसंगवर त्याचं नाव 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा 'ऑटो मोशन प्लस', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो, आणि म्हणून खर्चिक सिनेमाही दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो. ऊर्जाबचत मोडही बंद ठेवा, तो उजेड परस्पर कमी करतो.

यात बहुतेकांचं एक राहून जातं. साधं चित्र, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) यांच्या सेटिंग्ज टीव्ही वेगवेगळ्या साठवतो. त्यामुळे हे सगळं एकदा साधा व्हिडिओ चालू असताना करायचं, आणि पुन्हा एचडीआर सिनेमा चालू असताना. "कालच तर बदललं होतं" या तक्रारीचं मूळ इथेच असतं.

एचडीआर सिनेमा दिवसा अंधारा दिसतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्यात टीव्ही बिघडलेला नसतो. एचडीआरमध्ये प्रत्येक छटेचा उजेड निटमध्ये ठरवून दिलेला असतो आणि तो अंधाऱ्या खोलीसाठी ठरवलेला असतो. खोलीत ऊन असेल तर गडद छटा त्यात बुडतात. जाड पडदा ओढणे हा खरा उपाय. रात्री पूर्ण काळोख डोळ्यांना खुपत असेल तर टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा ६५०० केल्विनचा मंद दिवा लावा. डोक्यावरचा दिवा नको, त्याचं प्रतिबिंब थेट पडद्यात दिसतं.

आवाज: घरची दुखरी नस

संवादाला आवाज वाढवायचा, गोळीबार झाला की घाईनं कमी करायचा. सिनेमा असा रिमोट हातात घेऊन पाहावा लागतो, याचं कारण मिक्समध्ये, म्हणजे ध्वनिमिश्रणात असतं. थिएटरच्या मिक्समध्ये एका चॅनलचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. घरी आपण त्याहून बराच कमी आवाज ठेवतो, त्यामुळे कुजबुज पंख्याच्या घरघरीखाली जाते. त्यात संवाद मधल्या चॅनलवर असतात आणि टीव्हीला मधला स्पीकरच नसतो. सहा चॅनल दोन स्पीकरमध्ये कोंबताना संवाद संगीतात मिसळतात.

साउंडबार नसेल तर अ‍ॅपमध्ये ५.१ (सहा चॅनल) ऐवजी स्टिरिओ (दोन चॅनल) ट्रॅक मिळतो का ते पाहा. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'नाईट मोड' किंवा संवाद ठळक करणारा पर्याय चालू करा. स्फोट थोडे बसके होतील, पण वाक्यं कळतील. साउंडबार घ्यायचा असेल तर २.१ पेक्षा ३.१ घ्या, कारण तो वाढलेला एक चॅनल म्हणजे संवादांचा स्पीकर. जोडणी टीव्हीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या, टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टमध्येच करा. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल प्लस हा आवाजाचा प्रकार जात नाही, आणि स्ट्रीमिंगमधला अ‍ॅटमॉस त्यावरच स्वार असतो. टीव्हीचं डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (न दाबलेला आवाज) वर राहिलं तर एआरसीतून फक्त दोन चॅनल जातात; तिथे 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' हवं. एवढं करून साउंडबार मुका राहिला तर टीव्हीत एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवण्याची सोय) बंद आहे का ते बघा.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आवाज पुढे आहे की मागे, ते आधी ओळखा. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो. मागे राहिला तर साधारण १२५ पर्यंत लक्षात येत नाही. त्याला कारण आहे: लांबचा आवाज उशिरा पोचणं आपल्याला सवयीचं असतं. आवाज पुढे असेल तर साउंडबारच्या 'एव्ही सिंक' मध्ये २०-२० मिलिसेकंदांनी विलंब वाढवत जा.

४के का दिसत नाही

नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं, त्यामुळे दोष दरवेळी इंटरनेटचा नसतो. स्वस्त सदस्यत्वात ४के नसतं, हे पहिलं कारण. बाहेरचा स्ट्रीमिंग बॉक्स असेल तर टीव्हीचा तो पोर्ट एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं संरक्षण) चा हवा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये अनेक सेवा ७२० किंवा १०८० वरच थांबतात. वाइडवाइन एल३ (नक्कल-संरक्षणाची खालची पातळी) असलेल्या अँड्रॉइड फोनवर तर साधं एसडी, म्हणजे कमी स्पष्टतेचं चित्रच येतं, स्क्रीन कितीही भारी असो. वाय-फाय डळमळत असेल तर राउटरपासून केबल ओढा. टीव्हीचा केबल पोर्ट १०० एमबीपीएसचाच असला तरी बिघडत नाही. रात्रीच्या आकाशात दिसणारे पट्टे आणि चौकोन मात्र दाबलेल्या चित्राचेच असतात. त्यांच्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही.

ही सगळी जुळवाजुळव भाड्याच्या सिनेमावर करू नका. बहुतेक सेवांवर भाड्यानं घेतलेला सिनेमा ३० दिवसांत सुरू करता येतो, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तासच मिळतात. सदस्यत्वात आधीच असलेला, एचडीआर आणि ५.१ अशी खूण असलेला एखादा सिनेमा लावून चित्र, आवाज, ओठ हे सगळं तपासा, आणि मगच भाड्याचं बटण दाबा.