कार्मार्थेन मतदारसंघाचा निवडणूक इतिहास लिहिताना या चुका टाळा

वेल्सच्या राजकारणावर मराठीत काही लिहायला घेतले की कार्मार्थेनचे नाव येतेच. 14 जुलै 1966 रोजी इथल्या पोटनिवडणुकीत ग्विन्व्हर एव्हन्स निवडून आले आणि प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाला ब्रिटिश संसदेतला पहिला खासदार मिळाला. पक्षाची स्थापना 1925 ची, म्हणजे पहिल्या जागेसाठी तब्बल चार दशके वाट पाहावी लागली. घटना इतकी मोठी की लेखांत, टिपणांत, प्रश्नमंजूषेत ती हमखास भेटते. पण तिच्या पुढच्या-मागच्या निवडणुकांचे तपशील घाईत उतरवले जातात आणि एकदा चुकलेला आकडा पुढे सगळीकडे फिरत राहतो. वेल्ससारख्या लहान देशाबद्दल मराठीत मुळातच कमी लिहिले जाते, तेव्हा जे लिहू ते बिनचूक असावे, असे मला मनापासून वाटते.

कार्मार्थेन, कार्नार्व्हन आणि कार्डिगन यांची सरमिसळ

ही सर्वांत आधी होणारी चूक. कार्मार्थेन नैर्ऋत्य वेल्समध्ये, कार्नार्व्हन थेट वायव्येला आणि कार्डिगनशर या दोघांच्या मधल्या किनाऱ्यावर. पंतप्रधान झालेले डेव्हिड लॉइड जॉर्ज 1890 ते 1945 खासदार होते ते कार्नार्व्हन बरोज या मतदारसंघाचे. त्यांची कन्या मेगन लॉइड जॉर्ज 1957 मध्ये कार्मार्थेनमधून जिंकल्या. त्यामुळे ‘वडिलांची जागा मुलीकडे आली’ असे वाक्य सहज लिहून होते. ते साफ चूक आहे. मेगनबाई त्याआधी 1929 ते 1951 अँगलसी बेटाच्या खासदार होत्या आणि कार्मार्थेनशी त्यांच्या वडिलांच्या मतदारसंघाचा काही संबंध नव्हता.

रीस हॉपकिन मॉरिस यांच्या बाबतीतही हेच होते. ते 1923 ते 1932 कार्डिगनशरचे खासदार होते आणि 1945 ते 1956 कार्मार्थेनचे. दोन्ही कारकिर्दी एका ओळीत घातल्या की मतदारसंघाचा इतिहासच बिघडतो. नावाशेजारी नेहमी मतदारसंघ आणि कालावधी लिहा, हा त्यावरचा साधा उपाय.

नाव तेच, पण जागा तीच नव्हे

आपल्याकडे 2008 च्या पुनर्रचनेत मधू दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला. कार्मार्थेनचे तसे एकदा नाही, अनेकदा झाले आहे.

1885 पासून कार्मार्थेनशर या काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) पूर्व आणि पश्चिम असे दोन मतदारसंघ होते, शिवाय कार्मार्थेन आणि लानेली या शहरांचा मिळून तिसरा. 1918 मध्ये हे मोडून कार्मार्थेन आणि लानेली असे दोन मतदारसंघ झाले. ज्याला आपण साधारणपणे ‘कार्मार्थेन’ म्हणतो तो हा, 1918 ते 1997 चा. 1997 मध्ये त्याचे तुकडे दोन मतदारसंघांत गेले: ‘पूर्व कार्मार्थेन व दिनेवूर’ आणि ‘पश्चिम कार्मार्थेन व दक्षिण पेम्ब्रोकशर’. पूर्वेकडे 2001 मध्ये प्लाइडचे अ‍ॅडम प्राइस आणि 2010 मध्ये जोनाथन एडवर्ड्स निवडून आले. पश्चिमेकडे आधी मजूर पक्षाचे निक एंगर आणि 2010 पासून हुजूर पक्षाचे सायमन हार्ट. 2024 मध्ये वेल्सच्या जागा 40 वरून 32 वर आल्या आणि पुन्हा एकच मतदारसंघ झाला. त्याचे अधिकृत नाव केवळ वेल्शमध्ये आहे, कायरव्हर्दिन. तिथून प्लाइडच्या अ‍ॅन डेव्हिस निवडून आल्या.

आता अडचण अशी की 2024 च्या निकालात या जागेपुढे ‘प्लाइडने हुजूर पक्षाकडून घेतली’ असे दिसते. वेल्सभरातही प्लाइडच्या खात्यात 4 जागा आणि वाढ 2, असे छापलेले असते. प्रत्यक्षात 2019 मध्येही पक्षाने 4 जागाच जिंकल्या होत्या. मग वाढ कुठली? 2019 ची मते नव्या सीमांवर बसवून जो अंदाजित निकाल काढला गेला, त्यात प्लाइडकडे 2 जागा येत होत्या. वाढ त्या अंदाजाच्या तुलनेत आहे. तक्त्यात ‘आधीचा पक्ष’ असा रकाना असेल तर तो आकडा प्रत्यक्ष आहे की अंदाजित, याची खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

1966 पासून जागा सलग प्लाइडकडे होती, हा समज

एव्हन्स चार वर्षे खासदार राहिले आणि 1970 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाच्या ग्विनोरो जोन्स यांनी त्यांना 3,907 मतांनी हरवले. त्या वर्षी प्लाइडने वेल्सच्या सर्व 36 जागा लढवल्या आणि एकही मिळाली नाही. पुढचा टप्पा 1974, आणि इथे नुसते वर्ष लिहून भागत नाही. त्या वर्षी दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, 28 फेब्रुवारीला आणि 10 ऑक्टोबरला. कार्मार्थेनचा निकाल दोन्ही वेळा वेगळा लागला.

फेब्रुवारीत जोन्स यांना 17,165 आणि एव्हन्स यांना 17,162 मते पडली. अंतर 3 मतांचे. तीन हजारांचे किंवा तीन टक्क्यांचे नव्हे, फक्त तीन मतांचे, आणि तेही पुन्हा पुन्हा मोजून कायम झालेले. हा आकडा पाहून ‘पुढचे शून्य गळले असावे’ म्हणून तो दुरुस्त करायला जाऊ नका. स्प्रेडशीटमध्ये मताधिक्याची टक्केवारी 0.0 दिसली तरी सूत्र चुकलेले नाही. या दोघांचीच मते धरली तरी तीन मते म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भागही होत नाही. ऑक्टोबरमध्ये एव्हन्स यांनी 23,325 विरुद्ध 19,685 अशी 3,640 मतांनी जागा परत मिळवली. आठ महिन्यांत आकडे इतके उसळले की एकाच निवडणुकीच्या तक्त्यात दोन्हींची मते मिसळली, तर निकालच उलटा दिसू लागतो.

1979 मध्ये मजूर पक्षाच्या रॉजर टॉमस यांनी एव्हन्स यांचा पराभव केला. 1983 मध्ये एव्हन्स तिसऱ्या क्रमांकावर गेले. म्हणजे 1966 ते 1970 आणि ऑक्टोबर 1974 ते 1979 एवढाच काळ त्यांचा.

1966 ची मते ‘मजूर पक्षाकडून प्लाइडकडे गेली’ असे एका वाक्यात संपवणे

आकडे समोर ठेवून पाहू. मार्च 1966 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मेगन लॉइड जॉर्ज यांना 21,221, उदारमतवादी (लिबरल) पक्षाला 11,988, एव्हन्स यांना 7,416 आणि हुजूर पक्षाला 5,338 मते होती. मेगनबाई मे महिन्यात वारल्या. जुलैच्या पोटनिवडणुकीत एव्हन्स 16,179, मजूर पक्षाचे ग्विलिम प्रिस-डेव्हिस 13,743, उदारमतवादी 8,650 आणि हुजूर पक्ष 2,934.

वजाबाकी करा. मजूर पक्षाची मते 7,478 ने घटली आणि प्लाइडची 8,763 ने वाढली. नुसत्या मजूर मतांतून एवढी वाढ निघत नाही. उदारमतवाद्यांची 3,338 आणि हुजूर पक्षाची 2,404 मते कमी झाली, आणि एकूण मतदानच 4,457 ने खाली आले. म्हणजे काही लोक पक्ष बदलून आले, काही घरी राहिले, आणि मार्चमध्ये घरी राहिलेले काही जुलैत आले असतील. नेमके कोण कुठून कुठे गेले हे या बेरजा-वजाबाक्या सांगू शकत नाहीत. दोन पक्षांमधला कल काढायचा असेल तर टक्केवारी घ्या: मजूर 46.2 वरून 33.1, प्लाइड 16.1 वरून 39.0. दोन्ही फरकांची सरासरी 18.0 येते. तो आकडा ‘कल’ म्हणूनच लिहा. ‘18 टक्के मतदार फुटले’ असे लिहिले की अर्थाचा अनर्थ झाला.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट. हा विजय एका दिवसाचा चमत्कार नव्हता. एव्हन्स 1945 पासून पक्षाचे अध्यक्ष होते, 1949 पासून कार्मार्थेनशर काउंटी कौन्सिलमध्ये बसत होते आणि 1964 मध्येही इथून लढले होते. हे न सांगता फक्त जुलैचा निकाल दिला तर वाचकाला तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तसेच त्यानंतर 1967 मध्ये ऱ्होंडा वेस्ट आणि 1968 मध्ये केअरफिली या मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यांत प्लाइड जिंकता जिंकता राहिला, तेही सोबत आले तर 1966 चे वजन कळते.

डिपॉझिटला आजचा नियम लावणे

ब्रिटनमध्ये आज 5 टक्के मते न मिळाल्यास 500 पौंडांचे डिपॉझिट जाते. हा नियम 1985 च्या कायद्याने आला. त्याआधी रक्कम 150 पौंड होती आणि मर्यादा एक अष्टमांश, म्हणजे 12.5 टक्के. आपल्याकडची एक षष्ठांशाची मर्यादा तर इथे कधीच लागू होत नाही.

1966 च्या पोटनिवडणुकीत एकूण वैध मते 41,506. त्यांचा एक अष्टमांश 5,188. हुजूर पक्षाची 2,934 मते म्हणजे 7.1 टक्के, म्हणजे डिपॉझिट जप्त. आजचा नियम लावला तर ते वाचलेले दिसते. 1957 मध्ये प्लाइडच्या जेनी आयरियन डेव्हिस यांना 5,741 मते मिळाली, 11.5 टक्के, तरीही डिपॉझिट गेले. म्हणून तक्त्यात आधी वर्ष पाहा, मग नियम लावा.

पक्षाचे लेबल आणि माणूस एकच समजणे

या मतदारसंघात ही चूक फार महाग पडते. आल्फ्रेड मॉन्ड 1924 च्या पोटनिवडणुकीत उदारमतवादी म्हणून निवडून आले आणि 1926 मध्ये हुजूर पक्षात गेले. आपल्याकडच्या पक्षांतरबंदी कायद्याच्या सवयीने वाटते की लगेच पोटनिवडणूक झाली असेल. झाली नाही. ते 1928 मध्ये उमराव होऊन लॉर्ड्स सभागृहात जाईपर्यंत इथले खासदार राहिले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत उदारमतवादी डब्ल्यू. एन. जोन्स अवघ्या 47 मतांनी जिंकले. 1918 ते 1997 या काळात हुजूर पक्षाने इथे एकही निवडणूक जिंकली नाही, तरी दोन वर्षे इथला खासदार हुजूर होता. दोन्ही विधाने खरी आहेत. तशीच जोनाथन एडवर्ड्स यांची गोष्ट: 2019 मध्ये प्लाइडच्या तिकिटावर निवडून आले, पण 2020 पासून अपक्ष म्हणून बसले. ‘निवडून आला तेव्हाचा पक्ष’ आणि ‘नंतरचा पक्ष’ असे दोन रकाने ठेवा.

या सगळ्यात 1957 ची पोटनिवडणूक, माझ्या मते, 1966 इतकीच लक्ष देऊन वाचायला हवी. उदारमतवादी हॉपकिन मॉरिस यांच्या निधनाने जागा रिकामी झाली होती. 1945 मध्ये देशभर मजूर पक्षाची लाट असताना त्यांनी हीच जागा मजूर पक्षाकडून घेतली होती. आता समोर मेगन लॉइड जॉर्ज, आयुष्यभर उदारमतवादी राहून 1955 मध्ये मजूर पक्षात आलेल्या. ब्रिटिश सरकारने 1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर केलेल्या लष्करी कारवाईला त्यांनी विरोध केला. उदारमतवादी उमेदवाराने त्या कारवाईची बाजू घेतली होती. म्हणजे नावाने जो उदारमतवादी होता तो सरकारच्या बाजूला, आणि ज्या घराण्याने उदारमतवाद गाजवला त्यातली कन्या मजूर पक्षाच्या झेंड्याखाली. हुजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही. मेगनबाई 3,069 मतांनी जिंकल्या. हा निकाल केवळ ‘मजूर पक्षाने उदारमतवाद्यांची जागा घेतली’ असा लिहिला तर मतदारांपुढची खरी निवड त्यात येतच नाही.

1941 ची रिकामी ओळ

या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे मोल्विन ह्यूज बिनविरोध आले, कारण युद्धकाळात मोठ्या पक्षांनी एकमेकांच्या जागा न लढवण्याचे ठरवले होते. तिथे 0 किंवा 100 टक्के भरू नका, ‘बिनविरोध’ लिहा.

1997 च्या सार्वमताचे श्रेय मतदारसंघाला देणे

18 सप्टेंबर 1997 ला वेल्ससाठी स्वतंत्र विधानसभा हवी का, यावर सार्वमत झाले. शेवटचा निकाल कार्मार्थेनशरचा यायचा होता आणि तोवर ‘नको’ची बाजू 16,275 मतांनी पुढे होती. कार्मार्थेनशरमध्ये ‘हो’ला 49,115 आणि ‘नको’ला 26,119 मते पडली आणि वेल्सचा कौल 6,721 मतांनी ‘हो’ झाला. 1979 च्या सार्वमतात वेल्सने हीच कल्पना मोठ्या फरकाने नाकारली होती, हे लक्षात घेतले की त्या रात्रीचे मोल कळते. पण ही मोजणी कौन्सिलच्या हद्दीप्रमाणे होती, तिच्यात लानेलीही आले, आणि जुना कार्मार्थेन मतदारसंघ तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपलेला होता. त्यामुळे ही मते मतदारसंघाच्या तक्त्यात न घालता वेगळ्या टिपेत द्या. 2026 पासून वेल्श संसदेचे (याच विधानसभेचे आताचे नाव) 96 सदस्य प्रत्येकी सहा जागांच्या 16 मतदारसंघांतून पक्षांच्या यादीनुसार निवडले जातात. कायरव्हर्दिन आणि लानेली मिळून त्यातला ‘सीर गायरव्हर्दिन’ तयार होतो. त्याचाही तक्ता स्वतंत्रच ठेवा.