दाताच्या डॉक्टरांकडे निघताना पिशवीत काय हवं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं अपॉइंटमेंटची वही सांभाळते. येणारे बहुतेक जण तयारी करून येतात ती फक्त दातांची. तीन-तीनदा ब्रश, वर माउथवॉश, आणि तरी काउंटरपाशी तोंडावर रुमाल. दात एकदा नीट घासून आलात की पुरे. डॉक्टरांचं अडतं ते घरी राहिलेल्या कागदांपायी आणि गोळ्यांपायी.

म्हणून पहिलं काम आदल्या रात्रीच उरकून टाका. रोज घेता त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा. नावं लिहून आणू नका, पट्ट्याच आणा. 'सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी गुलाबी' यावरून कोणाला काही कळत नाही. बीपीची, साखरेची, थायरॉइडची लोकांना आठवते. विसरतात ती रोज न घ्यायची. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा टोचायचं इंजेक्शन काकूंच्या लक्षातच नसतं, कारण त्याचा आणि दाताचा काय संबंध? संबंध आहे. या औषधांवर असताना दाढ काढली तर काही जणांच्या जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना हे आधी कळायला हवं. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, विशेषतः पेनिसिलिनची, तर ती पहिल्या वाक्यात सांगा. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर तेही.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. माझ्याच आत्याने शेजारणीच्या सल्ल्याने दाढ काढायच्या तीन दिवस आधीपासून इकोस्प्रिन बंद केली होती. तिला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. आमच्या मॅडम आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. दाढेतून येणारं रक्त कापूस दाबून थांबवता येतं, स्टेंटमध्ये धरलेली गुठळी कापसाने थांबत नाही. गोळी चालू ठेवायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात. ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांनी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, ताजा रिपोर्ट आणायचा.

फोनवर सगळ्यात जास्त विचारलं जातं ते, 'उपाशीपोटी यायचं का?' नाही. दात तेवढाच बधिर करायचा असेल तर पोटभर नाश्ता करून या. पूर्ण भूल द्यायची असेल तेव्हाच उपाशी राहावं लागतं, आणि ते आम्ही वेगळं सांगतो. मधुमेह असेल तर सकाळची वेळ मागून घ्या, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घ्या आणि नाश्ता चुकवू नका. उपाशी माणसाला खुर्चीत चक्कर आली की दोष इंजेक्शनला मिळतो. साखरेचा शेवटचा रिपोर्ट असेल तर पिशवीत टाका.

खाऊन येण्याचं दुसरं कारण नंतरचं. खालची दाढ बधिर केली की अर्धा ओठ आणि जीभ दोन-तीन तास, कधी चार तास, जागेवर नसतात. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना दात भरून घेऊन बाहेर पडला, भूक लागली म्हणून तलावपाळीला वडापाव खाल्ला आणि वड्याबरोबर स्वतःचा ओठही चावला. दुखलं काहीच नाही. संध्याकाळी बधिरपणा उतरल्यावर आरशात बघितलं तेव्हा ओठ केवढा तरी सुजला होता. लहान मुलं गंमत म्हणूनही ओठ चावत बसतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. त्याच दुपारी ऑफिसची मीटिंगही ठेवू नका. शब्द एकीकडे आणि ओठ दुसरीकडे जातात.

वेळेचं म्हणाल तर घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी कापूरबावडीच्या सिग्नलचा हिशोब धरून निघावं. 'पाच मिनिटांत पोचतो' हे वाक्य मला तिथूनच ऐकू येतं.

जुने एक्स-रे, अगदी दुसऱ्या दवाखान्यातले असले तरी, घेऊन या. मोबाइलमध्ये काढलेला फोटोही चालतो, फक्त आदल्या दिवशी शोधून ठेवा. शब्दांनी घाबरू नका. आरव्हीजी म्हणजे एक-दोन दातांचा छोटा एक्स-रे. तोंडात सेन्सर धरतात आणि चित्र लगेच पडद्यावर येतं. ओपीजी म्हणजे डोक्याभोवती यंत्र फिरवून घेतलेलं दोन्ही जबड्यांचं एकच लांब चित्र, अक्कलदाढेसाठी हेच लागतं. सीबीसीटी हा तीन बाजूंनी पाहता येणारा स्कॅन. इम्प्लांट म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात बसवायचा असेल, अक्कलदाढ नसेला चिकटलेली दिसत असेल, तेव्हा तो सांगतात. प्रत्येक किडीला सीबीसीटी लागत नाही. सांगितला तर 'यात काय दिसणार जे आरव्हीजीत दिसत नाही?' हे विचारायला लाजू नका.

रूट कॅनल असेल तर थोडं आधी समजून या, निम्मी भीती तिथेच जाते. लोक त्याला 'नस काढणं' म्हणतात, ते खोटं नाही. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो, आणि कडक दातात सुजायला जागा नसते, म्हणून रात्रभर ठणका लागतो. मुळांतल्या बारीक नळ्यांतून हा गर काढून टाकायचा असतो. वरच्या दाढेत बहुधा तीन किंवा चार नळ्या, खालच्या दाढेत बहुधा तीन. बधिर केल्यावर काही डॉक्टर दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणतात, त्याला रबर डॅम म्हणतात. औषधाचं पाणी आणि बारीक सुया घशात जाऊ नयेत, आणि लाळ दातात जाऊ नये म्हणून. रबराची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगायची. मग ओठाच्या कोपऱ्यात एक तारेचा हुक अडकवतात आणि एक छोटं यंत्र बीप-बीप करायला लागतं. याच हुकाला सगळे दचकतात. शॉक बसत नाही. मुळाचं टोक किती लांब आहे ते विजेच्या अगदी सूक्ष्म प्रवाहाने मोजणारं ते यंत्र, सुई टोकापाशी पोचली की बीप बदलतो. नळ्या साफ झाल्या की त्यात गटापर्चा भरतात. हा एका झाडाचा चीक. १९ व्या शतकात समुद्राखालून टेलिग्राफच्या तारा टाकल्या, तेव्हा त्यांच्यावर याचंच आवरण होतं. मला हे कळल्यापासून दाढेकडे मी जरा आदराने बघते.

ठणका थांबला की काही जण पुन्हा उगवतच नाहीत. दाढेवर बसवायची कॅप राहून जाते, मग वर्षाने दाढ दोन तुकड्यांत घेऊन येतात. आतून पोखरलेली दाढ ठिसूळ झालेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी खर्च विचारताना कॅप धरून विचारा: किती सीटिंग, कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक की झिर्कोनिया म्हणजे धातूशिवायची पांढरी. धातू-सिरॅमिकच्या कॅपला काही वर्षांनी हिरडीपाशी करडी रेघ दिसू शकते, पुढच्या दाताला ते खटकतं. मागच्या दाढेला नुसती धातूची कॅप माझ्या मते उत्तम, पण ऐकतंय कोण!

बजेट आवाक्यात नसेल तर ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून नेरूळ किंवा बेलापूरच्या डेंटल कॉलेजात जा. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, पैसे कमी लागतात, वेळ मात्र जास्त जातो. अख्खी सकाळ मोकळी ठेवा.

दवाखाना कुठलाही असो, हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातात का ते बघा. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक झालेल्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. दाखवा म्हटलंत तर चांगला डॉक्टर रागावत नाही.

स्केलिंगला, म्हणजे दातांवर साठलेला थर काढून घ्यायला, वेगळी तयारी नको. त्याने दात हलायला लागतात हा समज मात्र घरी ठेवून या. साठलेला थर गेला की त्याने बुजलेल्या फटी जिभेला जाणवतात, एवढंच.

दाढ काढायची असेल तर घर आधी तयार ठेवा: फ्रिजमध्ये बर्फ, मऊ वरण-भात, गार दूध. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. चोवीस तास खळखळून चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू आणि सिगारेट तर नाहीच. जखमेत धरलेली गुठळी हेच तिचं झाकण. ती निघाली तर तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणका लागतो. तसं झालं तर जास्तीची गोळी घेत बसू नका, फोन करा.

आणि आजोबा, जुनी कवळी असेल तर तीही आणा, ढिली असली तरी. नवीचं माप घेताना डॉक्टर जुनीकडे बघतात. फक्त डब्यात थोडं पाणी घालून आणा, टिश्यूत गुंडाळून नको. तशी आणलेली एक कवळी आमच्याकडे एकदा कचऱ्याच्या डब्यात गेली आणि मी हातमोजे घालून ती शोधली आहे.