माहेरी आल्यावर चप्पल पहिल्याच दिवशी घ्यावी

कोल्हापुरात आई-वडिलांकडे चार दिवस मुक्काम असेल, तर आवडत्या दुकानांची फेरी निघण्याच्या दिवसावर ढकलू नये. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल तर पहिल्याच दिवशी, अंबाबाईचे दर्शन घेऊन येताना चप्पल लाईन या चपलांच्या दुकानांच्या रांगेत थांबून घ्यावी. दोन्ही पायांत घालून थोडे चालून पाहावे आणि सैल जोड टाळावा, कारण कातडे वापराने थोडे सैलावते. पुढचे दोन-तीन दिवस ती रोज थोडा वेळ घरात वापरावी, चावते तिथे तेल लावावे, आणि तरीही अंगठा किंवा पट्टा त्रास देत असेल तर गाव सोडण्यापूर्वी त्याच दुकानातून दुरुस्त करून घ्यावी. पुण्या-मुंबईला परतल्यावर ही सोय राहत नाही. चप्पल पाण्यात मात्र भिजू देऊ नये.

कांदा-लसूण चटणी आईच्या प्रमाणाने कांडपावर करून घेतलेली उत्तम, आणि त्यासाठीही हाताशी एखादा दिवस हवाच. गूळ शेवटी घ्यावा. फार पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. तपकिरी ढेप निवडून ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी.