शिकारीच्या बोचं ड्रॉ वेट ठरवताना या चुका टाळा

मी ओहायोत राहतो. इथे बो सीझन (धनुष्यबाणाने शिकार करायचा हंगाम) सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो तो थेट फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, त्यामुळे ऑगस्ट उजाडला की ओळखीतल्या एखाद्या मराठी मुलाचा फोन ठरलेला, दादा यंदा मलाही हरणाच्या शिकारीला यायचंय, बो किती पाउंडाचा घेऊ? (हे पाउंड म्हणजेच ड्रॉ वेट, दोरी मागे ओढायला लागणारा जोर.) आणि विचारतानाच त्याच्या डोक्यात 70 हा आकडा पक्का असतो, कारण व्हिडिओत सगळे तेच सांगतात. मीही पहिला कंपाउंड (टोकांना चाकं असलेला बो) 70 चाच घेतला होता. त्याचं पुढे काय झालं ते आधी सांगतो.

डिसेंबरचा शेवट होता, पारा उणे 9. एका शेतकऱ्याच्या रानात (इथे लेखी परवानगी लागते, तोंडी चालत नाही) पहाटेपासून मचाणावर बसलो होतो, अंगात तीन थर आणि वर जाड जॅकेट. अडीच तासांनी एक व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं हरीण) मादी 22 यार्डांवर येऊन आडवी उभी राहिली. मी ओढायला गेलो आणि दोरी अर्ध्यावरच अडली. मग बो आभाळाकडे उचलला, खांद्याला झटका देऊन कसाबसा मागे आणला, तोवर डावा हात थरथरायला लागला होता आणि तिने मान वर केली होती. घाईत दोरी सोडायच्या हुकाचा ट्रिगर दाबला. बाण फुप्फुसात न लागता मागे पोटात लागला. पोटात लागलेलं हरीण सहा-आठ तास तसंच सोडावं लागतं, लगेच मागे गेलं तर ते लांब पळतं, म्हणून दुपार टळेपर्यंत थांबलो आणि मग अंधार पडल्यावरही टॉर्च घेऊन माग काढत राहिलो, मक्याच्या वाळक्या पानांवर एकेक थेंब, मग तेही दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याकाठी सापडली, कोयोटींनी निम्मी खाल्लेली. तिचे ते शेवटचे तास माझ्या हट्टामुळे तसे गेले, हे मी विसरलेलो नाही आणि म्हणूनच एवढं लिहायला बसलोय.

दुकानात एकदा ओढून बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दुकानात हीटर चालू असतो, अंगात टीशर्ट असतो, तुम्ही उभे असता, समोर चार माणसं बघत असतात, अशा वेळी 70 काय 75 पण ओढला जातो. मचाणावर यातलं काहीच नसतं. दोन-तीन तास न हलता बसल्यावर स्नायू गारठलेले असतात, बाही दोरीला लागू नये म्हणून हात वेगळ्या कोनात ठेवावा लागतो, आणि हरणाला हालचाल पटकन दिसते म्हणून सगळं अगदी हळू करावं लागतं. म्हणून माझ्या लेखी आकडा एकच, जो बो तुम्ही गारठलेल्या अंगाने, बसून, हळूहळू, सरळ रेषेत मागे आणू शकता तोच तुमचा.

घरी बघायची पद्धत सोपी आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला, बो लक्ष्याच्या समोर धरा आणि वर-खाली न करता तिथूनच सरळ ओढा. पाय उचलले की कंबरेचा आणि पायांचा आधार जातो आणि फक्त पाठ काम करते, तेव्हा खरं काय ते कळतं. पूर्ण ओढून अर्धा-एक मिनिट धरून ठेवा, मग तितक्याच हळू परत सोडा. हे करताना बाण लावलेलाच हवा, समोर टार्गेट हवं आणि बोट ट्रिगरच्या मागे. बाण न लावता दोरी निसटली तर सगळी ताकद बोच्याच अंगात जाते, लिंबला (बोच्या वाकणाऱ्या पातीला) तडा जाऊ शकतो, दोरी तुटून तोंडावर येऊ शकते.

ओढताना हात वर जातोय, हनुवटी पुढे येतेय, श्वास रोखला जातोय, किंवा बाणाचं टोक गोल फिरतंय, यातलं एक जरी दिसलं तरी वजन जास्त आहे. अजून एक खूण, बाण रेस्टवरून (ज्यावर तो टेकलेला असतो) घसरून रायझरवर (बोच्या मधल्या, मुठीच्या भागावर) टक् करून आपटतो. अंगणात त्या आवाजाचं काही वाटत नाही पण रानात गोठलेल्या सकाळी तो आवाज हरणाला 20 यार्डांवर स्पष्ट ऐकू जातो.

जास्त पाउंड म्हणजे जास्त मार, हा समज

इथे जरा आकडे बघूया कारण बरेच जण इथेच फसतात. बाणाची ऊर्जा काढायची रीत अशी, बाणाचं वजन ग्रेनमध्ये (बाण तोलायचं छोटं एकक) गुणिले वेगाचा वर्ग (वेग फूट प्रति सेकंदात), भागिले 450240. आता मी 50 पाउंडाला, 27 इंच ड्रॉ लेंथला (दोरी किती मागे येते ते अंतर), 425 ग्रेनचा बाण मारतो, वेग 230 च्या आसपास येतो. म्हणजे साधारण 50 फूट-पाउंड. ईस्टन कंपनीचा जो तक्ता सगळे वापरतात त्यात हरणासाठी 25 ते 41 आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण), काळं अस्वल यांच्यासाठी 42 ते 65 असं दिलंय. म्हणजे व्हाइटटेलला लागतं त्यापेक्षा जास्तच आहे माझ्याकडे, तेही 50 वर. बायको तर 42 पाउंडाला, साडेपंचवीस इंच ड्रॉला, 400 ग्रेनचा बाण मारते, वेग जेमतेम 200, ऊर्जा 35 च्या आसपास. मागच्या सीझनला 18 यार्डांवर तिचा बाण फासळ्यांमधून आरपार गेला आणि पलीकडे मातीत रुतला, हरीण साठ-सत्तर पावलांत पडलं.

बोवर छापलेला वेग बघून घेऊ नका. तो मोजतात 70 पाउंड, 30 इंच ड्रॉ आणि अवघ्या 350 ग्रेनच्या बाणाला. आपल्याकडे किती जणांची ड्रॉ लेंथ 30 असते? दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा, साडेसदुसष्ट इंच आले तर 27. बहुतेक मराठी माणसं 26 ते 28 मध्ये बसतात, आणि ड्रॉ लेंथ एका इंचाने कमी झाली की वेग साधारण 10 फुटांनी उतरतो. तो वेग भरून काढायला पाउंड वाढवायचे हा विचार मनात येतो, पण त्यापेक्षा धारदार ब्रॉडहेड (बाणाचं शिकारीचं, पात्यांचं टोक) आणि थोडा जड बाण यांनी काम जास्त होतं.

नेम पाउंडांनी येत नाही हे सांगायला मी नेहमी आपल्याच पोरांचं उदाहरण देतो. 2023 ला बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, आणि जागतिक स्पर्धांमध्ये कंपाउंडला कमाल मर्यादाच 60 पाउंडाची आहे. (यावरून कुणी विचारतंच, म्हणून सांगून ठेवतो, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तिथे धनुर्विद्या फक्त टार्गेटवर.)

कंपाउंड आणि रिकर्व्हचे पाउंड एकच समजणं

कंपाउंडमध्ये सगळा जोर सुरुवातीच्या भागात लागतो आणि मग कॅम (टोकाचं चाक) फिरला की सुटतो. 80 टक्के लेट-ऑफ (शेवटी जोर जेवढा कमी होतो ते प्रमाण) असेल तर 70 च्या बोला शेवटी हातात फक्त 14 पाउंड उरतात, म्हणून धरून ठेवणं सोपं वाटतं आणि माणूस फसतो, कारण अडचण धरण्यात नसते, तो सुरुवातीचा डोंगर चढण्यात असते. रिकर्व्हचं (चाकं नसलेला, टोकं पुढे वळलेला साधा बो) नेमकं उलटं, जेवढं ओढाल तेवढं जड, आणि सगळ्यात जड जिथे थांबून नेम धरायचा तिथे. कंपाउंडवर 60 मारणारा माणूस रिकर्व्ह 60 चा घेतो आणि महिनाभरात खांदा धरून बसतो. रिकर्व्ह शिकताना 30-35, शिकारीला 40-45, एवढं पुष्कळ झालं.

आणि रिकर्व्हवर लिहिलेला आकडा 28 इंचांना असतो. इंचामागे साधारण दोन-अडीच पाउंड कमी-जास्त धरा. म्हणजे 42 लिहिलेला बो 26 इंच ड्रॉच्या माणसाच्या हातात 37-38 च भरतो. हे महत्त्वाचं का, तर ओहायोत हरणासाठी किमान 40 पाउंड लागतात. पेनसिल्व्हेनियात 35, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात 30. नियम दर सीझनला राज्याच्या पुस्तिकेत बघायचेच, आणि एक हुकवाला बो स्केल घेऊन स्वतःच्या ड्रॉ लेंथला स्वतः मोजायचं, छापील आकड्यावर जायचं नाही.

फार कमी ठेवणं

हीसुद्धा चूकच आहे. 35-40 पाउंडांवर असाल तर मेकॅनिकल (लागल्यावर पाती उघडणारं) ब्रॉडहेड वापरू नका, पाती उघडण्यातच ऊर्जा जाते, फिक्स्ड (पाती घट्ट बसवलेलं), दोन पात्यांचं, टोकापासूनच कापणारं घ्या. 20 यार्डांच्या आत, हरीण आडवं उभं असतानाच मारा. आणि वेग वाढवायच्या नादात हलका बाण घेऊ नका, पाउंडाला 5 ग्रेनच्या खाली गेलात तर खुद्द बोचंच नुकसान होऊ शकतं.

बोल्ट फिरवताना

बहुतेक कंपाउंड 10 पाउंडांच्या टप्प्यात खालीवर होतात, लिंबच्या बोल्टचा (लिंब रायझरला धरणारा स्क्रू) एक फेरा म्हणजे साधारण दोन-तीन पाउंड. वरचा जेवढा फिरवाल तेवढाच खालचा, आणि कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सैल करू नका, लिंब निसटू शकतो. तुम्हाला 52 वरच मारायचंय तर 70 चा बो खाली आणून वापरण्यापेक्षा 50-60 चे लिंब घ्या.

यात हमखास विसरलं जातं ते बाणाचं. ड्रॉ वेट बदललं की स्पाइन (बाणाचा ताठपणा) तपासायचा, आकडा जितका लहान तितका बाण कडक, म्हणजे 340 हा 400 पेक्षा ताठ. 70 वरून 55 वर आलात आणि बाण जुनेच ठेवलेत तर ते कडक पडतात, फील्ड पॉइंटला (सरावाच्या साध्या टोकाला) फारसं कळत नाही पण ब्रॉडहेड लावलं की बाण बाजूला जातो आणि माणूस महिनाभर साइटच (नेम धरायच्या पिनांची चौकट) सरकवत बसतो. आधी कागदातून बाण मारून फाट बघा, बाण सरळ उडतोय का ते कळतं. साइटच्या पिनाही सगळ्या नव्याने लावाव्या लागतात, हे सीझनच्या आदल्या आठवड्यात करू नका.

वाढवायचं असेल तर जूनपासून दोन-दोन पाउंड, प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे. विसाव्या बाणानंतर ग्रुप (टार्गेटवरचा बाणांचा पुंजका) पसरायला लागला तर तिथेच थांबा. खांद्याच्या आतले छोटे स्नायू एकदा दुखावले की वर्ष जातं, माझ्या एका मित्राचे दोन सीझन गेले.

मी आता थंडी पडली की एका संध्याकाळी शिकारीचं तेच जॅकेट, तेच हातमोजे घालून मागच्या अंगणात तासभर नुसता बसतो आणि मग तीनदा बो ओढतो. तिसरी खेप पहिल्यासारखी गेली नाही तर दोन्ही बोल्ट अर्धा फेरा सैल करतो, स्केलला लावून नवा आकडा वहीत लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पिना पुन्हा लावतो. मागच्या डिसेंबरला तो आकडा 49 आला होता.