तीन पंचमांशांचं गणित मुलांकडून करून घ्या

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. अमेरिकेच्या इतिहासाचा विषय निघाला की एखादं मूल हमखास म्हणतं, "संविधानात काळा माणूस तीन पंचमांश माणूस होता." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण खरा अन्याय त्या वाक्यातून निसटून जातो. स्थलांतराच्या वादातही मोजायचं कोणाला आणि मत कोणाला, हाच प्रश्न असतो. म्हणून त्याबद्दल मुलांशी बोलायचं असेल, तर आधी कागद-पेन्सिल घ्या.

१७८७ च्या संविधानातल्या पहिल्या कलमाचा दुसरा विभाग काढा. प्रतिनिधिगृहाच्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) राज्यवार जागा लोकसंख्येप्रमाणे, आणि लोकसंख्या मोजायची ती स्वतंत्र माणसं अधिक "इतर सर्व व्यक्तीं"चे तीन पंचमांश. हे इतर म्हणजे गुलाम.

आता १७९० ची जनगणना. व्हर्जिनियात ७,४७,६१० माणसं, त्यांतले २,९२,६२७ गुलाम. त्यानंतरच्या जागावाटपात ३३,००० लोकांमागे एक जागा ठरली. मुलांना तीन वेळा भागाकार करायला लावा. गुलाम अजिबात मोजले नाहीत तर १३ जागा. तीन पंचमांश धरले तर १९, आणि व्हर्जिनियाला मिळाल्याही १९ च. पूर्ण धरले असते तर त्याच भागाकाराने २२. आता विचारा, गुलाम पूर्ण मोजावेत असं कोणाला वाटत होतं? मुलं दोन क्षण गप्प बसतात, मग एखादी म्हणते, "मालकांना!" घाई करू नका, हे त्यांना स्वतःला सापडू द्या. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या जनगणनेत एकही गुलाम नव्हता. तेव्हा त्याचाच भाग असलेलं मेन धरून तिथे व्हर्जिनियापेक्षा स्वतंत्र माणसं जास्त होती, तरी जागा १४. ज्यांना मत नाही, ज्यांची मुलं बाजारात विकली जातात, त्यांच्याच डोक्यांवर मालकाच्या खुर्च्या वाढल्या.

इथून पुढे प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायची सवय लावा: मोजलं कोणाला, मत कोणाला, जागा कोणाच्या हाती?

१८६८ ची चौदावी दुरुस्ती याच प्रश्नांनी वाचा. पहिल्या विभागात जन्माने नागरिकत्व, दुसऱ्यात प्रत्येक राज्यातल्या "सर्व व्यक्तीं"ची मोजणी (कर न भरणारे मूळनिवासी तेवढे वगळून). पुढे दक्षिणेत मतदान-कर आणि साक्षरता परीक्षा लावून काळ्यांची मतं हिरावली गेली. माणूस पूर्ण मोजला जात होता, मत मात्र नव्हतं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ही कोंडी फोडली.

मग आपल्याकडे या. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त "स्वतंत्र गोऱ्या" परदेशी माणसाला मिळे, १८७० पासून आफ्रिकी वंशाच्यांनाही. अमृतसरजवळ जन्मलेले, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३ मध्ये ते हरले. त्यांच्या बाजूने काय मांडलं गेलं, हे मुलांपासून लपवू नका. आम्ही उच्चवर्णीय, म्हणून आर्य, म्हणून गोरे. गोरेपणाची अट चूक आहे असं म्हणण्याऐवजी जात पुढे केली गेली. याच्या पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवायला कष्ट घेतले. हे दोन प्रसंग एका पानावर शेजारी लिहायला सांगा. मला स्वतःला फुल्यांच्या बाजूला बसायचं आहे, आणि मी ते वर्गात स्पष्ट सांगते.

भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये मिळाली, पण नव्याने येणाऱ्यांसाठी कोटा वर्षाला जेमतेम १०० जणांचा. राष्ट्रवार कोटे १९६५ मध्ये मोडले, काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीने देश ढवळून काढला त्याच काळात. "आपण रीतसर आलो" असं कुणी काका म्हणाले, तर मुलांनी नम्रपणे विचारावं, "काका, ही रीत कोणी बदलून घेतली?"

शेवटी आजचा वाद घ्या. जुलै २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी, कागदपत्रं नसलेल्यांना जागावाटपात धरू नये, असा आदेश काढला. जानेवारी २०२१ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो रद्द केला. मुलांचे दोन गट करा, एक मत नसलेल्याला मोजू नये म्हणणारा, दुसरा मोजावं म्हणणारा, आणि आधी आपापल्या घरची डोकी मोजायला लावा. आईबाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे नागरिक नाहीत, दोन मुलं इथे जन्मलेली पण अठराच्या आतली: जनगणनेत चार, मतदार शून्य. न्यू जर्सीच्या जागांत हे चौघे धरलेले असतात. मग मत नसलेल्याला मोजू नये असं म्हणणाऱ्या गटाला आपल्या घराचंही उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या गटाला व्हर्जिनियाचं उत्तर द्यावं लागतं: मोजलेल्या माणसाचं म्हणणं त्या जागेवर बसलेला कोणी ऐकतो का?

इथे मात्र मध्ये पडा. आपण स्वतःहून आलो, पगार घेतो, परत जाऊ शकतो. गुलामाला यातलं काहीच नव्हतं. "आम्हीही तसेच" हे वाक्य वर्गात चालू देऊ नका. आणि जो मुद्दा मांडेल, त्याने कलम आणि वर्ष सांगूनच मांडावा. नाही सांगता आलं, तर कागद उघडून शोधेपर्यंत बाकीच्यांनी थांबावं.