चाक जागेवर फिरतं, टायरमधून धूर येतो: या चुका टाळा

अॅक्सिलरेटर दाबला, चाकं किंचाळली, मागे पांढरा धूर आणि रस्त्यावर काळा पट्टा. पाहणाऱ्याला वाटतं, काय दमदार इंजिन आहे! खरं तर त्या क्षणी इंजिनाचा जोर गाडी पुढे नेण्याऐवजी रबर तापवण्यात जात असतो. चाक जेवढ्या जोराने रस्त्याला मागे ढकलतं, तेवढं पेलण्याची पकड टायर आणि रस्ता यांच्यात उरली नाही की चाक सुटतं, म्हणजे जागेवरच गरगरतं. घासून रबराचा पृष्ठभाग इतका तापतो की त्यातली तेलं आणि इतर घटक वाफ होऊन बाहेर पडतात. तोच हा धूर.

एक ढोबळ हिशेब करून बघा. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीन, फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) चार. वाटेतली गळती १० टक्के धरली आणि टायरची त्रिज्या ०.३ मीटर मानली, तर चाकांचा एकूण जोर भरतो सुमारे ६३०० न्यूटन. आता ११०० किलोची, पुढची चाकं ओढणारी गाडी घ्या. पुढे ६० टक्के वजन असेल, तर चांगल्या कोरड्या डांबरावर तिची पकड साधारण ५८०० न्यूटन. शिवाय वेग घेताना वजन मागे सरकतं, म्हणजे पुढची पकड आणखी घटते. पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर साधी गाडीही चाकं सोडते ती यामुळेच. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर दोन धरलं तर जोर ३६०० वर येतो आणि तक्रार संपते. पण पाऊस पडलेला असेल आणि टायर झिजलेले असतील, तर पकडच निम्म्यावर येऊ शकते. मग चाकं सुटायला दुसरा गिअरही पुरतो.

इंजिनाला दोष देणं

पूर्वी जी गाडी शांतपणे निघायची, ती आता रोज चाकं फिरवते. इंजिन काही आपोआप ताकदवान झालेलं नाही, तेव्हा कमी झाली आहे ती पकड. शोध टायरपासून सुरू करा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की बऱ्याच देशांत टायर कायद्यानेच बाद होतो, पण ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी ढासळते. नक्षी भरपूर दिसते म्हणूनही निश्चिंत राहू नका, कारण जुनं रबर कडक होतं आणि कडक रबर रस्ता धरत नाही. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

मग हवा. जास्त भरली तर टायर मधल्या भागावरच टेकतो. पकड वाढावी म्हणून हवा कमी करणं हा त्याहून वाईट उपाय, कारण टायरची बाजू सतत वाकून आतून तापते. दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेला आकडाच खरा, आणि मोजायचा टायर थंड असताना.

सुटलेल्या चाकाला आणखी रेटणं

टायर किंचित घसरत असताना, साधारण १० ते २० टक्के, सर्वाधिक जोर लावू शकतो. त्यापुढे घसरण वाढली की पकड उलट कमी होत जाते. म्हणून आवाज आला की पाय थोडा सैल करायचा. इंजिन चढ्या फेऱ्यांवर असताना क्लच झटक्यात सोडणं टाळा, कारण फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीत, साठलेली ऊर्जाही त्या क्षणी चाकांवर येते. स्टिअरिंग वळलेलं असताना जोरात निघणं तसंच: टायरची काही पकड वळण्यात खर्च झालेली असते आणि आतल्या चाकावर भार कमी असतो.

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाक सुटू लागलं की आपोआप आवर घालणारी यंत्रणा. तिचा दिवा लुकलुकत असेल तर ती तिचं काम करते आहे. दिवा सतत जळत राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. चाकाचा सेन्सर तपासून घ्या.

रुतलेल्या गाडीचं चाक गरगर फिरवणं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची. डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे चिखलातल्या चाकाला पकड नसेल तर कोरड्यावरच्या चाकालाही जोर मिळत नाही. एक चाक थांबलेलं असताना दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. स्पीडोमीटरवर ६० दिसत असेल, तर ते चाक ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने फिरत असतं. अशा वेळी टायर फुटू शकतो, आणि जवळ उभं राहून गाडी ढकलणाऱ्याच्या जिवावर बेततं. फिरतं चाक एकदम कोरड्यावर आलं, तर अॅक्सल किंवा डिफरन्शियलही मोडू शकतं. चाकासमोरची माती काढा, खाली फळी किंवा खडी टाका, अगदी हलक्या पायाने निघा. इथे मात्र ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करणं उपयोगी पडतं, कारण चाक घसरलं रे घसरलं की ते इंजिनाचा जोर कापतं.

प्रत्येक धूर टायरचाच समजणं

इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण चाकंही जागेवर गरगरत नाहीत आणि वेगही वाढत नाही, वर जळका वास येतो: क्लच घसरतो आहे. एकाच चाकातून धूर, रिम चटका देण्याइतकी गरम आणि गाडी ओढल्यासारखी चालते: ब्रेक अडकला आहे. त्यावर गार पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो. मोठ्या मापाचे टायर बसवल्यावर किंवा खूप सामान भरल्यावर धूर येऊ लागला, तर टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो आहे का ते पाहा.

आणि एकदा टायरमधून धूर निघालाच, तर तो थंड झाल्यावर पूर्ण फिरवून बघा. एखादा भाग सपाट झाला असेल तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. रबराखालचा धागा किंवा तार दिसली, तर त्या टायरवर पुढे गाडी चालवू नका. तिथेच स्पेअर चाक लावा.